जायंट की नुसताच जाड? बेसमेंटमधल्या पालींच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२३

आजपासनं लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण डोक्यात ठेवलेलं वजन दोन महिन्यांत आपोआप पाच ग्रॅमनी वाढतं हा माझा स्वतःचा अनुभव आहे. जागा: शिकागोच्या बाहेर आमच्या घराचं बेसमेंट. प्राणी: लेपर्ड गेको, म्हणजे अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली जमिनीवरची पाल, मूळची पाकिस्तान-अफगाणिस्तानकडच्या कोरड्या खडकाळ भागातली, पण इथल्या हॉबीत कित्येक पिढ्या डब्यातच जन्मलेली. भिंतीवर चढत नाही, पायाला ते चिकटणारे पॅड नसतात. पापण्या असतात, डोळे मिटून झोपते. हे सगळं मी आईला व्हिडिओ कॉलवर तीनदा सांगितलंय आणि तिन्ही वेळा उत्तर एकच, "पाल ती पालच. अंगावर पडली तर आंघोळ कर."

प्रकल्पाचा हिरो पैलवान. गेल्या ऑक्टोबरच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शोमधनं आणला. डब्यावर चिठ्ठी होती, "सुपर जायंट, नर, १२१ ग्रॅम", साडेतीनशे डॉलर मोजले. विकणाऱ्याने माझ्यासमोर काट्यावर ठेवून दाखवला, १२१ म्हणजे १२१. घरी आणला, रात्री त्याने डब्याच्या कोपऱ्यात ही एवढी शी केली आणि सकाळी काटा ११६. पाच ग्रॅम कागदी टॉवेलवर! तेव्हाच मनात पाल चुकचुकली (हो, माहितीये).

आजोबा खरसुंडीच्या यात्रेतल्या बाजाराचं सांगायचे, खोंड विकायला काढायच्या आदल्या रात्री मीठ घातलेली पेंड चारायची, मग जनावर घटाघटा पाणी पितं आणि सकाळी पोट कसं ढोलासारखं टम्म. घेणाराही त्यातलाच मुरलेला असेल तर तो पोटाकडे बघतच नाही, दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. मी त्या शोमध्ये काय बघितलं तर चिठ्ठी.

आता मुद्दा. "जायंट" हा शब्द लेपर्ड गेकोत आणला टेक्सासच्या रॉन ट्रेम्परने, १९९६ साली पहिला अल्बिनो काढला तोच हा, मूस नावाचा त्याचा एक नर या सगळ्या लाइनचा खापरपणजोबा समजायला हरकत नाही. त्याची व्याख्या वजनाची आहे: एक वर्षाचा नर ८० ते १०० ग्रॅम असेल तर जायंट, मादी ६० ते ९०. त्याच्यावर गेलं की सुपर जायंट. आणि त्याचं म्हणणं असं की हे कोडॉमिनंट आहे, त्या जीनची एक कॉपी आली तर जायंट, आई-बाप दोघांकडनं मिळून दोन आल्या तर सुपर. मॅक स्नो नावाच्या पांढुरक्या रंगप्रकाराचं जसं आहे तसंच. पण स्नो डोळ्याला दिसतो ना! सुपर स्नोचं पिल्लू अंड्यातनं बाहेर आलं की डोळे अख्खे काळे, वाद घालायला जागाच नाही. वजनाचं तसं नाही, वजन खाण्यावर, उष्णतेवर, नर-मादीवर, आदल्या रात्री शी केली की नाही त्याच्यावर. बरेच ब्रीडर म्हणतात की हे पॉलीजेनिक आहे, म्हणजे माणसाच्या उंचीसारखं, बारीकसारीक पुष्कळ जीन्स मिळून.

तर पैलवान खरंच सुपर असेल तर साध्या माद्यांशी जोडी लावली की सगळीच्या सगळी पिल्लं जायंट निघायला हवीत. एवढंच बघायचंय. आणि मग डब्यावर काय लिहायचं ते ठरवायचंय.

२६ फेब्रुवारी २०२३

काटा. स्वयंपाकघरातला घेतला नाही, बायकोने तसंही घेऊ दिला नसता. ०.१ ग्रॅमवाला छोटा डिजिटल घेतलाय. तपासायला वेगळं वजन विकत घ्यायची गरज नाही, अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं नवंकोरं असेल तर बरोब्बर ५ ग्रॅमचं असतं. बँकेतनं एक रोल आणला, वीस नाणी ठेवली, काटा म्हणाला ९९.८. चालेल. दर महिन्याला वीस नाणी ठेवून बघायचं.

नियम माझे मलाच:
वजन रविवारी सकाळी, शनिवारी खाणं नाही. शी झाली असेल तरच आकडा वहीत, नाहीतर पुढे "पोटासकट" असं लिहायचं. मादी अंड्यावर असेल तर तिचं वजन मोजायचंच नाही, पोटात दोन अंडी म्हणजे सहा-सात ग्रॅम कुठे गेले नाहीत. आणि लांबी. ग्राफ पेपरवर ठेवून वरनं फोटो काढायचा, नाकापासनं शेपटीच्या मुळापर्यंत. शेपूट धरायची नाही, कारण शेपूट म्हणजे यांचं फिक्स डिपॉझिट आहे, चरबी तिथे साठते, आणि तुटून परत उगवली तर गाजरासारखी होते.

पैलवान आजची लांबी साडेचौदा सेंमी. साधे नर माझ्याकडे बारा-साडेबारा. म्हणजे हाडापेराने हा मोठा आहे हे खरं, फसवणूक शंभर टक्के नाहीये. पण बगलेत दोन फुगे आणि शेपूट मानेपेक्षा जाड, इतकी की तो चालताना मागे सिलिंडर ओढत नेतोय असं वाटतं.

माद्या दोन: चिमी ५४ ग्रॅम, मावशी ५८. दोघी साध्या, दोघींच्या घराण्यात कोणी मोठं नाही. शिवाय तुलनेसाठी गण्या आणि काकू ही साधी जोडी, त्यांची पिल्लं त्याच रॅकमध्ये, तेच खाणं. कंट्रोल ग्रुप म्हणतात तो. काकूला पैलवानच्या डब्यात कधीच ठेवायचं नाही, या माद्या नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवतात, एकदा घोळ झाला की वर्ष गेलं.

२ एप्रिल २०२३

पहिली अंडी २६ मार्चला आली, चिमीची, दोन. व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरणारे खनिजाचे दाणे) ठेवली, वरच्या बाजूला पेन्सिलने टिंब केलंय, अंडं फिरवायचं नसतं. इन्क्युबेटर ३१ अंशांवर. इथे एक निर्णय घ्यावा लागला. यांच्यात लिंग तापमानावर ठरतं, २६ च्या आसपास ठेवलं तर बहुतेक माद्या, साडेबत्तीसला बहुतेक नर, आणि अजून वर चौतीस-पस्तीसला गेलं की पुन्हा माद्या. नर मोठे होतात. म्हणजे कोणी सगळी अंडी साडेबत्तीसला लावली तर "बघा माझी पिल्लं किती मोठी" म्हणायला तो मोकळा, जीन्सचा संबंधच नाही. मला दोन्ही हवेत म्हणून ३१.

सई विचारते, बाबा, आपण पण गरम ठेवलो असतो तर मी मुलगा झाले असते का. नाही, म्हटलं, आपल्याकडे ते आधीच ठरतं. "मग बरंय."

२१ मे २०२३

पहिली दोन १० मेला निघाली. पट्टेवाली, लेपर्डची पिल्लं पट्टेवालीच असतात, ठिपके मागनं येतात. वजनं ३.१ आणि २.९. काकूचं पहिलं पिल्लू काल आलं, ३.२. म्हणजे साध्याचं पिल्लू सुपर जायंटच्या पिल्लापेक्षा जड. आज यावरनं काहीच ठरत नाही, पण विकणारे अशी लहान पिल्लंच विकतात आणि डब्यावर लिहितात जायंट.

१६ जुलै २०२३

दोन पिल्लं गेली. जागा कमी पडत होती आणि मीलवर्मचं (पालींना घालायच्या अळ्यांचं) बिल बघून बायकोच्या कपाळाला आठ्या. विस्कॉन्सिनच्या एका कॉलेजच्या पोराने पहिली दोन्ही घेतली, खूश होता, येताना स्वतःचा थर्मामीटर घेऊन आला होता. मी डब्यावर लिहिलं "जायंट, बाप सुपर जायंट १२१ ग्रॅम".

लिहिलं खरं. लिहिताना हात अडखळला होता, पण गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि बापाच्या चिठ्ठीवर तेच लिहिलेलं होतं ना, मी काय वेगळं लिहितोय असं स्वतःला सांगितलं. इथे नोंद करतोय म्हणजे नंतर आठवत नाही असं म्हणता येणार नाही.

१० सप्टेंबर २०२३

अंडी संपली. हिशोब: दोघींची मिळून २० अंडी, ४ खराब (दोन कोरीच होती, दोनांना बुरशी), १६ पिल्लं. एक तिसऱ्या दिवशी गेलं, दोन विकली, एक सईच्या वर्गात गेलंय, तिथे त्याचं नाव लोकशाही पद्धतीने नगेट ठेवलंय. माझ्याकडे उरली १२. काकूची ४.

पैलवानला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाईंनी त्याला उलटा केला, पोटावर बोट फिरवलं, बगलेतले फुगे दाबले आणि मला विचारलं, याला वॅक्सवर्म देता का. मी नाही देत. आधीच्या मालकाने दिले असणार, ते म्हणजे पालींचे पेढे, नुसती चरबी. त्या म्हणाल्या चरबी शेपटीत दिसते तेवढीच नसते, आत पोटात पण असते आणि शेवटी लिव्हरवर जाते, हळूहळू उतरवा, एकदम उपाशी ठेवलात तर लिव्हर अजून बिघडेल. फेब्रुवारीपासनं डुबिया झुरळं आठवड्यातनं दोनदाच देतोय. ११६ वरनं आज ९९. लांबी तीच, साडेचौदा. म्हणजे सतरा ग्रॅम "सुपर" उतरलं आणि पैलवान होता तेवढाच लांब राहिला.

आणि गंमत बघा, शंभराच्या खाली आला म्हणजे व्याख्येप्रमाणे त्याचं प्रमोशन गेलं. जीन्स बदलले का? डाएट केलं की जीन्स जातात का?

त्यात पुण्याच्या मित्राचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड, "अरे तू पाली पाळतोस ना, तीनशे ग्रॅमची पाल लाखो रुपयांना जाते म्हणे, पार्टनर होऊ का". ती ही नव्हे बाबा. ती टोके, आपल्या ईशान्येकडे आणि आग्नेय आशियात मिळते, निळ्या-राखाडी अंगावर नारिंगी ठिपके, चावली की सोडत नाही. एड्सवर औषध म्हणून कोणीतरी आवई उठवली, जड पालीला जास्त भाव असं पसरलं, मग लोकांनी पकडून पकडून नुसतं खायला घालायला सुरुवात केली. २०११ मध्ये फिलिपिन्स सरकारला जाहीर सांगावं लागलं की असलं काही औषध नाहीये. २०१९ मध्ये टोके साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये गेली, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर व्यापार नाही. मित्राला हे सगळं लिहिलं, त्याने अंगठा पाठवला. वजनावर भाव लावला की जनावराचं काय होतं त्याचं याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही, आणि मग मी माझ्या वहीकडे बघितलं जिच्यात सगळे ग्रॅमच आहेत.

१४ जानेवारी २०२४

संक्रांत. बाहेर कडाक्याची थंडी, बेसमेंटमध्ये रॅकची गरम बाजू ३२. तिळगूळ शेजाऱ्यांना दिला, पालींना मीलवर्म.

आठ महिन्यांची मोठी पिल्लं आता पन्नाशी ओलांडतायत. ३ नंबर नर ६३, ७ नंबर ६०, चिमीची ५ नंबर मादी ४४. काकूचा नर ५६! मधलं अंतर दिसत नाहीये. मी काय अपेक्षा धरून बसलो होतो तर दोन वेगळे घोळके दिसतील, एक बारकुड्यांचा, एक दांडग्यांचा, मधे रिकामी जागा. पण आकडे ओळीने मांडले तर लग्नाच्या ग्रुप फोटोसारखं, सगळ्यात बुटक्यापासनं सगळ्यात उंचापर्यंत नुसता उतार.

लेबलांवरनं आठवलं. जगातली सगळ्यात मोठी पाल फक्त एक आहे आणि ती पण पेंढा भरलेली, फ्रान्समध्ये मार्सेच्या म्युझियममध्ये. साठ सेंमीच्या आसपास लांबी. अलँ देलकूर नावाच्या क्युरेटरला ती तिथल्या संग्रहात सापडली आणि तिच्यावर कुठून आली त्याची चिठ्ठीच नाही! १९८६ मध्ये बावर आणि रसेल या दोघांनी तिचं वर्णन केलं, न्यूझीलंडच्या पालींसारखी दिसते म्हणून ती तिथलीच धरली गेली, माओरी लोकांच्या गोष्टीतला कावेकावेआउ तो हाच असं लोकांनी जोडून टाकलं. २०२३ मध्ये डीएनए काढला तर निघाली न्यू कॅलेडोनियाची, वंशच वेगळा, नवीन नाव गिगार्कानम. सदतीस वर्षं एवढं मोठं जनावर चुकीच्या देशाच्या नावावर, का तर आणणाऱ्याने चिठ्ठी लिहिली नाही. माझ्या डब्यांवर चिठ्ठी आहे, पण ती चुकीची असेल तर काय, निदान मार्सेवाल्याने खोटं तरी लिहिलं नव्हतं.

३ मार्च २०२४

फक्त वजनं. नाण्यांनी काटा तपासला, ९९.७. ११ नंबर दोन आठवडे खात नाहीये, कात टाकताना बोटावर राहिलेली, कोमट पाण्यात भिजवून काढली. बाकी ठीक.

१८ ऑगस्ट २०२४

शेवटच्या पिल्लाला आज वर्ष झालं, म्हणजे निकाल.

पैलवानची १२, प्रत्येकाच्या पहिल्या वाढदिवसाच्या जवळच्या रविवारचं वजन:
नर ७: ७१, ७४, ७७, ७९, ८३, ८६, ९२.
माद्या ५: ५५, ५८, ६१, ६६, ६९.
काकूची ४: नर ६४ आणि ७३, माद्या ५१ आणि ६०.

आता व्याख्या लावू. ८० च्या वरचे नर तीन, ६० च्या वरच्या माद्या तीन. बारापैकी सहा जायंट. सुपरची सगळी पिल्लं जायंट व्हायला हवी होती, झाली नाहीत. पण थांबा, बरोब्बर निम्मी! पैलवान सुपर नसून साधा जायंट असेल, एकच कॉपी, तर निम्मीच यायला हवीत. रात्री साडेअकराला मी टेबलावर हात आपटला, बायको वरनं ओरडली, "काय पडलं रे?"

सकाळी चहा घेताना सगळं पाणी झालं. ८० ची रेघ ८० वरच का? ७९ वाला आणि ८३ वाला यांच्यात चार ग्रॅम, ७१ वाला आणि ७९ वाला यांच्यात आठ. रेघ ७५ वर ओढली तर नरांमध्ये पाच जायंट, मग निम्मं कुठे राहिलं. ७९ वाला शुक्रवारी जास्त खाल्ला असता तर तो पण जायंट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काकूची मादी, साध्या बापाची, साध्या आईची, ६० ग्रॅम. नियमाने जायंट! तिच्या सात पिढ्यांत कोणी जायंट नाही. मादीसाठी रेघ इतकी खाली आहे की चांगली पोसलेली कुठलीही मादी तिला शिवते.

बारा पिल्लांवर जगाचा निकाल लागत नाही हे कळतं मला. पण एक गोष्ट उरते, सरासरी. पैलवानचे नर ८० च्या जरा वर, काकूचे ६८-६९. लांबीत पण फरक आहे, पैलवानचे साडेबारा ते चौदा सेंमी, म्हणजे ही नुसती चरबी नाही. तो काहीतरी देतोय पिल्लांना, पण ते बटण दाबल्यासारखं नाही, थोडं थोडं वाटल्यासारखं देतोय. मी तरी आता पॉलीजेनिकवाल्यांच्या बाकावर जाऊन बसलो.

८ सप्टेंबर २०२४

ज्याची भीती होती ते झालं. विस्कॉन्सिनच्या पोराचा मेसेज. खरं तर जुलैमध्येच आला होता, मी उत्तर द्यायचं टाळत होतो, त्यामुळे नोंद पण आज. पाल तळहातावर घेऊन फोटो, सुंदर ठेवलीये, डोळे स्वच्छ, शेपूट भरलेली पण जाड नाही, चौदा महिन्यांचा नर, वजन ६२. दुसरी मादी, ५३. त्याने तक्रार केलीच नव्हती. एवढंच विचारलं होतं की मी काही चुकतोय का, याला अजून काय खायला घालू म्हणजे हा मोठा होईल.

हे वाचून पोटात गोळा आला. कारण याचं पुढचं पाऊल मला माहीत आहे, पुढचं पाऊल वॅक्सवर्म. मी एक शब्द लिहिला आणि तो पोरगा निरोगी जनावराला कमी पडतंय असं समजून बसलाय.

आज फोनच केला. सांगितलं की तुझं काही चुकलेलं नाही, माझं लेबल चुकलं, दोन महिन्यांच्या पिल्लावर जायंट लिहायला नको होतं, साध्या नराला ६२ अगदी उत्तम आहे, आणखी खायला घालू नकोस. साध्या पिल्लाचा भाव साठ डॉलर, मी दीडशे लावले होते, दोघांचा फरक परत पाठवतो म्हणालो. तो म्हणाला नको, तो आता माझा आहे. मी पाठवले तरी. त्याने त्यातनं मोठा टब घेतला, फोटो आला.

४ ऑक्टोबर २०२४

शो जवळ आला. लेबलं. ७ पाली विकायला काढतोय, पाच ठेवतोय. सईने लॅपटॉपवर डिझाइन केलं, मी मजकूर दिला. उदाहरणार्थ ७ नंबर:

"नर. जन्म ७ जून २०२३. एक वर्षाला ८६ ग्रॅम, सकाळी उपाशीपोटी. नाक ते शेपटीचं मूळ १३.७ सेंमी. बाप ९८ ग्रॅम, १४.५ सेंमी (आधी लठ्ठ होता, ११६). आई ५४ ग्रॅम. भाऊ ७१ ते ९२, बहिणी ५५ ते ६९. अंडं ३१ अंशांवर. मोठ्या घराण्यातला, पिल्लं मोठी होतीलच असं नाही."

बायकोने वाचलं आणि म्हणाली, "हे लेबल आहे की स्थळ? उंची, वजन, आई-वडील, भावंडं, फक्त पत्रिका जोडायची राहिलीये. आणि बापाचं आधीचं वजन कशाला, सोयरीक मोडायची का?"

बापाचं आधीचं वजन मी ठेवणार. "मोठ्या घराण्यातला" हे इंग्रजीत लिहायला दोन दिवस गेले. "जायंट लाइन" म्हटलं तर लोक फक्त जायंट वाचतात. "पॉसिबल जायंट" तर अजून वाईट, पॉसिबल काय, सगळंच पॉसिबल असतं. लपलेल्या जीनसाठी पॉसिबल हेट म्हणतात त्याला निदान हिशोब असतो, ६६ टक्के, ५० टक्के, इथे कसली टक्केवारी? शेवटी साधं लिहिलं, मोठे आई-बाप निवडून काढलेला. आईच्या बाबतीत ते पण खरं नाही, म्हणून "मोठा बाप निवडून".

२७ ऑक्टोबर २०२४

शो झाला. सातपैकी चार गेल्या. मधल्या एका टेबलावर कोणीतरी "सुपर जायंट" पाटी लावून बसला होता, पंधरा ग्रॅमची पिल्लं, दर माझ्या दुप्पट, दुपारपर्यंत टेबल रिकामं. मी जाऊन काही बोललो नाही. बोलायला हवं होतं की नाही हे अजून ठरत नाहीये, कारण सव्वा वर्षापूर्वी त्याच्या जागी मीच होतो.

माझ्या टेबलावर लोक लेबल वाचायचे, मग परत वाचायचे. एकाने सरळ विचारलं, म्हणजे हा जायंट आहे की नाही? म्हटलं, ८६ ग्रॅमचा आहे. तो म्हणाला, ते दिसतंय, पण जायंट आहे का? म्हटलं, तुम्ही म्हणत असाल तर आहे, तुमची पिल्लं काय म्हणतील ते मला सांगता येत नाही. गेला तो. मार्केटिंगमध्ये मी नापास, पण त्या कामाचा पगार मला तसाही कोणी देत नाही.

७ नंबर गेला एका म्हाताऱ्या बाईंकडे, चष्मा कपाळावर, खिशातनं स्वतःची टेप काढली, त्याच्या अंगाला लावली. मग शेपटीच्या मुळाशी अंगठा आणि बोट धरून दाबलं, बगलेत बघितलं, पोट बघितलं, तोंड उघडून बघितलं, टेबलावर चालवून बघितलं. चिठ्ठी शेवटी वाचली. मला एकदम खरसुंडी आठवली, आजोबा असते तर त्यांनी या बाईंना चहा सांगितला असता. त्या म्हणाल्या, बापाचं जुनं वजन लिहिलंय म्हणून घेतेय. भाव पण केला नाही.

घरी येऊन बायकोला पहिल्यांदा तेवढंच सांगितलं.

१० नोव्हेंबर २०२४

जानेवारीत कोणाची जोडी लावायची ते ठरवतोय. ९२ वाला मोह घालतोय पण त्याची शेपूट वाढतेय आणि लांबी साडेतेरावरच थांबलीये, ८३ वाला चौदा सेंमी आहे आणि सडसडीत. ८३ वाला. मादी काकूची ६० वाली, जिला नियमाने जायंट म्हणता येतं, बघूच. पिल्लं एक वर्षाची झाल्याशिवाय कोणाला द्यायची नाहीत, म्हणजे अजून एक रॅक लागेल, हे घरात अजून सांगितलेलं नाही.

आईचा फोन होता. गावाकडे घराच्या मागे रात्री ठिपकेवाली जाड पाल दिसली, शेजारचा काठी घेऊन धावला, विषारी असते म्हणून. आईने त्याला थांबवलं. "म्हटलं पापण्या आहेत का बघ आधी. आहेत म्हणाला. म्हटलं मग सोड, ती काही करत नाही, आमच्या पोराकडे अशा पंधरा-वीस आहेत." मी विचारलं केवढी होती. "होती चांगली वीतभर. वजन नाही केलं."

पैलवान आज ९७.४, पोटासकट.